वाळूवरील पाया, अथवा स्थापत्यविद्येची तोंडओळख



ता. 21 ऑक्टोबर 2023 रोजी सायंकाळी आपल्या सिरोंच्यापासून थोड्याच कोसांवर गोदावरीवरील मेडिगड्डा बॅरेजचे काही खांब खचले. त्यानंतर एके दिवशी वर्गात बल व दाब हा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, इतके लोखंड आणि सिमेंट घालूनही खांब खचलाच कसा?" तास संपत आला होता, म्हणून मी एवढेच म्हणालो, "बाळा, आधी खांब खचला नाही. खांबाच्या खाली जे होते ते खचले." या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नाही. ते उत्तर सविस्तर द्यावे, हा या लेखाचा एक हेतू आहे.

दुसरा हेतू असा की, आपल्यापैकी काही जण बारावीनंतर चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा अन्यत्र इंजिनिअरिंग शिकण्यास जातील. तेथे पहिल्याच वर्षी बल, समतोल, भार, दाब हे शब्द कानी पडू लागतात आणि खेड्यातून गेलेल्या मुलास वाटते की, हे सारे काही परके आहे. वास्तविक या विद्येची मूलतत्त्वे आपल्या घराच्या छपरात, पाण्याच्या घागरीत आणि प्राणहितेच्या वाळूत आपण रोज पाहत असतो. ती नीट ओळखून घेतली, तर पुढील वाट सुलभ होईल. पालकांनीही हा लेख वाचावा, कारण नदीकाठी राहणाऱ्यास या गोष्टी कळणे अगत्याचे आहे.

प्रथम इंजिनिअर कोणास म्हणावे हे पाहू. पुष्कळांची समजूत अशी असते की, जो यंत्रे हाताळतो किंवा मोठाल्या इमारती उठवितो तो इंजिनिअर. परंतु इमारत उठविणे हे गवंड्याचे, सुताराचे व मजुराचे काम आहे, आणि ते कौशल्याचे आहे. इंजिनिअरचे विशेष काम याहून निराळे. वस्तू अस्तित्वात येण्यापूर्वीच ती कशी वागेल, हे त्याने सांगावयाचे असते. पूल अजून कागदावर आहे, तोच त्यावरून जाणारी भरलेली मालमोटार त्याने मनश्चक्षूंपुढे आणावयाची, शंभर वर्षांतून एखादे वेळी येणारा पूर त्याखालून न्यावयाचा, आणि मग सांगावयाचे की, हा पूल उभा राहील किंवा राहणार नाही. हे सांगणे अंदाजाने नव्हे, तर मोजून, गणित करून आणि आपले गणित दुसऱ्याकडून तपासून घेऊन. तात्पर्य, आधी जाणणे आणि मग बांधणे, हे या विद्येचे सार होय.

आता पहिले तत्त्व. प्रत्येक भार अखेरीस जमिनीत पोहोचला पाहिजे. आपल्या कौलारू घराकडे पाहा. कौलाचे वजन रिपांवर पडते. रिपांचे वाशांवर, वाशांचे आढ्यावर व तुळईवर. तुळई ते खांबांवर देते. खांब जोत्यावर आणि जोते जमिनीवर. यास भाराचा मार्ग म्हणतात. या मार्गात एक जरी दुवा कच्चा असला, तर बाकीचे कितीही बळकट असोत, त्यांचा उपयोग नाही. आलापल्लीच्या सागवानाची उत्तम तुळई घातली, पण खालचा खांब वाळवीने पोखरला असेल, तर घर पडेल ते खांबाच्या ठिकाणी, आणि बघणारे मात्र म्हणतील की, सागवान असूनही घर पडले. म्हणून कोणतीही बांधणी पाहताना स्वतःस पहिला प्रश्न विचारावा: येथील भार कोणकोणता, आणि तो कोणत्या वाटेने जमिनीत उतरतो?

दुसरे तत्त्व समतोलाचे. दोन मुलांनी 2 मीटर लांबीच्या बांबूस मध्ये घागर अडकवून तो खांद्यांवर घेतला आहे, आणि भरलेल्या घागरीचे वजन 30 किलो आहे, असे समजा. घागर बरोबर मध्यावर असेल, तर प्रत्येकाच्या वाट्यास 15 किलो येतात. ती पुढच्या मुलापासून अर्ध्या मीटरवर सरकली, तर पुढच्यास साडेबावीस व मागच्यास साडेसात किलो पेलावे लागतात. बेरीज मात्र 30 च राहते. स्थिर वस्तूवर जेवढा जोर खाली पडतो, तेवढाच जोर वर देणारे कोणीतरी असलेच पाहिजे, आणि वस्तू उलटू पाहत असेल, तर तिला तेवढ्याच नेटाने उलट फिरविणारेही कोणी असले पाहिजे. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी जे इंजिनिअरिंग मेकॅनिक्स शिकवितात, त्यातील मोठा भाग या एका विधानाचा विस्तार आहे. मागच्या मुलाचा पाय घसरला, तर घागर फुटते. त्याचप्रमाणे भार पेलणारी जमीन घसरली, तर वरचा सर्व समतोल बिघडतो.

तिसरे तत्त्व दाबाचे. भार किती आहे एवढेच पाहून भागत नाही. तो किती जागेवर पसरला आहे हेही पाहावे लागते. उन्हाळ्यात प्राणहितेच्या ओल्या वाळूत टाचेवर उभे राहा. तुमचे वजन 50 किलो आणि टाचेचे क्षेत्रफळ 25 चौरस सेंटिमीटर धरले, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 2 किलो भार पडतो आणि टाच रुतते. आता त्याच वाळूवर 30 सेंटिमीटर रुंद व 150 सेंटिमीटर लांब फळी टाकून तीवर उभे राहा. क्षेत्रफळ 4500 चौरस सेंटिमीटर झाले. दाब 180 पटींनी कमी झाला, आणि फळी जागची हलत नाही. तुमचे वजन तेच आणि वाळूही तीच. जमीन दुबळी असेल तेथे भार पसरावा, हा पायाचा सर्वांत जुना नियम यातून निघतो. नदीतील मोठ्या बांधकामात खांबांखाली काँक्रीटची जी सलग जाड लादी घालतात, तिला राफ्ट म्हणतात. ती म्हणजे आपली फळीच होय.

येथवर वजनाचा विचार झाला. आता नदीकडे वळू, कारण पाणी हे केवळ खाली दाबीत नाही. ते सर्व बाजूंनी रेटते. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन, म्हणजे 1000 किलो असते. पाण्याच्या पृष्ठभागाखाली 1 मीटरवर दर चौरस मीटरला 1 टन, 5 मीटरवर 5 टन आणि 10 मीटरवर 10 टन असा दाब वाढत जातो. म्हणून 10 मीटर खोल पाणी अडविणाऱ्या भिंतीवर, दुसऱ्या बाजूस पाणी नाही असे धरल्यास, भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीस 50 टन आडवा रेटा बसतो, आणि तो तळापासून एकतृतीयांश उंचीवर एकवटला आहे असे मानता येते. अशी भिंत 1600 मीटर लांब असेल, तर एकूण रेटा 80,000 टन होईल. हा रेटा भिंतीस दोन प्रकारे त्रास देतो: तिला पुढे सरकवू पाहतो आणि तिला पालथी पाडू पाहतो. भिंत आपल्या वजनाने आणि तळाशी होणाऱ्या घर्षणाने त्यास तोंड देते. इतके गणित जमले की, पुष्कळांस वाटते काम झाले. परंतु नदीचा खरा डाव पुढेच आहे.

वाळूवर भिंत घालून पाणी अडविले की, ते पाणी भिंतीच्या खालून पलीकडे जाण्याची वाट शोधू लागते. वाळूच्या कणांमधील फटींतून ते सावकाश झिरपते. फ्रान्समधील दिजाँ शहराचा पाणीपुरवठा करणारा हेन्री डार्सी नावाचा इंजिनिअर होऊन गेला. त्याने वाळू भरलेल्या नळ्यांतून पाणी सोडून प्रयोग केले व 1856 साली त्यातून निघालेला नियम प्रसिद्ध केला. नियम सोपा आहे. दोन्हीकडच्या पाण्याच्या उंचीतील फरक जितका अधिक, तितके झिरपणे जोराचे. आणि वाळूतील वाट जितकी लांब, तितके ते मंद. या झिरपणाऱ्या पाण्यापासून दोन धोके संभवतात. पहिला असा की, ते लादीस खालून वर उचलते आणि त्यामुळे लादीचे वजन जणू कमी होते. दुसरा धोका अधिक भयंकर. पाणी पलीकडे वर येताना जोराचे असेल, तर ते वाळूचे कण आपल्याबरोबर उचलून नेते. एक कण गेला की, त्यामागचा कण मोकळा होतो. मग तोही जातो. अशा रीतीने खालच्या बाजूकडून वरच्या बाजूकडे, उंदराने बीळ कोरावे तशी, एक पोकळ वाट लादीखाली तयार होत जाते. वरून पाहणाऱ्यास काहीही दिसत नाही. ज्या दिवशी दिसते, त्या दिवशी फार उशीर झालेला असतो.

हा चमत्कार घरीच पाहण्याजोगा आहे. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी धरा. तिच्या बुचास भोक पाडून त्यात एक बारीक रबरी नळी घट्ट बसवा. आत बुचावर कापडाची घडी ठेवा, म्हणजे वाळू नळीत जाणार नाही. वर 15 सेंटिमीटर उंचीपर्यंत नदीची बारीक वाळू भरा, ती भिजवा आणि तीवर एक जड गोटा ठेवा. गोटा स्वस्थ बसेल. आता नळीचे दुसरे टोक पाण्याने भरलेल्या भांड्याच्या तळाशी जोडून ते भांडे हळूहळू उंच करा. पाणी वाळूतून वर येऊ लागेल. प्रथम काहीच घडणार नाही. परंतु भांड्यातील पाणी बाटलीतील पाण्यापेक्षा वाळूच्या थराइतके, म्हणजे 15 सेंटिमीटर किंवा त्याहून थोडे अधिक उंच झाले की, वाळू उकळल्यासारखी हलू लागेल आणि गोटा त्यात बुडून जाईल. वाळूचा एक कणही बदललेला नाही. ती केवळ आपली पकड सोडून बसली. भांडे खाली आणा, की तीच वाळू पुन्हा घट्ट होईल. ज्याने हा प्रयोग स्वतः केला, त्यास पायाविषयीचे अर्धे शास्त्र समजले असे म्हणण्यास हरकत नाही.

हे ज्ञान आपल्या देशास फार महाग पडले आहे. गंगेवरील नरोरा येथील बंधाऱ्याची तळफरशी 1898 साली खालून आलेल्या पाण्याच्या रेट्याने उचलली गेली व बंधारा फुटला. अशा अनुभवांवरून ब्लाय नावाच्या इंजिनिअरने विसाव्या शतकाच्या आरंभी एक व्यावहारिक नियम घालून दिला: अडविलेल्या पाण्याच्या उंचीच्या कित्येक पट लांब वाट पाण्यास बांधकामाखाली चालावयास लावावी. जाड वाळूसाठी ही पट 12 व बारीक वाळूसाठी 15 त्याने धरली. म्हणजे 10 मीटर पाणी जाड वाळूवर अडवावयाचे, तर झिरपण्याची वाट 120 मीटर हवी. ही वाट लांबविण्यास लादी रुंद करता येते किंवा लादीच्या कडेस जमिनीत खोल उभी भिंत उतरविता येते. अशी भिंत 10 मीटर खोल असेल, तर पाण्यास 10 मीटर खाली उतरून 10 मीटर पुन्हा चढावे लागते.

पुढे पंजाबातील अप्पर चिनाब कालव्यावरील बांधकामांचा अभ्यास करताना अ. ना. खोसला या भारतीय इंजिनिअरास आढळले की, ब्लायचा नियम पुरेसा नाही. खोसला व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1936 साली आपले विवेचन प्रसिद्ध केले. त्याचा मथितार्थ असा की, पाणी एकूण किती लांब चालते याहून ते बाहेर पडतेवेळी किती जोराचे असते, हे महत्त्वाचे. म्हणून खालच्या कडेस पुरेशी खोल भिंत असणे अत्यावश्यक होय. बाहेर पडताना पाण्याची उंची दर मीटर वाटेस सुमारे 1 मीटरने घटत असेल, तर वाळू उकळते. आपल्या बाटलीत हेच झाले. परंतु खोसलांनी या मर्यादेपर्यंत जाण्याची मुभा दिली नाही. बारीक वाळूसाठी या मर्यादेच्या एकषष्ठांश ते एकसप्तमांश एवढ्यावरच थांबावे, असे त्यांनी सांगितले.

येथे आपणांस चौथे तत्त्व भेटते, आणि ते म्हणजे सुरक्षिततेची राखण. जी वस्तू 6 भार सोसू शकते, तिच्यावर 1 च भार टाकावयाचा, हा पैशाचा अपव्यय नव्हे. आपले मोजमाप चुकले असेल, एखाद्या ठिकाणची वाळू अधिक बारीक असेल, एखाद्या दिवशीचे काँक्रीट हलके पडले असेल, कल्पनेपेक्षा मोठा पूर येईल. या साऱ्या अज्ञात गोष्टींसाठी राखून ठेवलेली ती जागा आहे. शहाणा गृहस्थ दुष्काळासाठी कणगीत धान्य राखतो, तसेच हे. स्वतःच्या ज्ञानाची मर्यादा अंकांत मांडून ठेवणे, यालाच इंजिनिअरची नम्रता म्हणावे.

आता कोणी म्हणेल, एवढी धास्ती असेल तर वाळूवर बांधावेच कशाला? डोंगरावरील प्रवचनाच्या शेवटी आपल्या प्रभूने दोन घरे बांधणाऱ्यांचा दृष्टांत दिला आहे. शहाण्याने खडकावर बांधले, मूर्खाने वाळूवर. पाऊस व पूर दोघांवरही सारखेच आले. दृष्टांत जीवनाविषयी आहे आणि तो अक्षरशः सत्य आहे. परंतु गोदावरीसारख्या नदीत इंजिनिअरास खडक नेहमीच हाताशी सापडत नाही. मग त्याने काय करावे? याचे उत्तर याच गोदावरीने दिले आहे.

आपल्या खाली, समुद्राच्या जवळ, राजमहेंद्रीनजीक धवळेश्वरम येथे सर आर्थर कॉटन यांनी 1847 ते 1852 या काळात गोदावरीवर चार भागांत विभागलेला मोठा बंधारा बांधला. तेथील पात्र वाळूचे. कॉटन यांनी ही कला कोठून घेतली? तामिळ प्रांतातील कावेरीवर चोळ राजा करिकाल याने बांधिलेला म्हणून प्रसिद्ध असलेला कल्लणै नावाचा प्राचीन बंधारा आहे. वाळूवर पाया कसा स्थिर करावा, हे आपण त्या बंधाऱ्याच्या एतद्देशीय बांधकऱ्यांपासून शिकलो, अशी कॉटन यांनी मोकळ्या मनाने कबुली दिली आहे. भार विस्तृत पसरावा, उंची बेताची ठेवावी, पाणी कोसळते तेथे दगडांची भरपूर फरसबंदी करावी, आणि दरवर्षी पूर ओसरल्यावर पाहणी करून वाहून गेलेले दगड पुन्हा घालावे, अशी ती रीत होती. धवळेश्वरमच्या बंधाऱ्याने शंभरावर वर्षे सेवा केली व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या जागी नवा बॅरेज झाला. यावरून दिसते की, वाळू ही अपराधी नव्हे. वाळूस खडक समजून चालणे हा अपराध होय. दृष्टांतातील मूर्ख मनुष्याचेही हेच चुकले. आपण कशावर उभे आहोत, हे त्याने पाहिलेच नाही.

आता मेडिगड्ड्याकडे येऊ. प्राणहिता कालेश्वरजवळ गोदावरीस मिळते. त्या संगमाच्या खालच्या अंगास हा बॅरेज आहे. एक तीर तेलंगणात, तर दुसरे आपल्या सिरोंचा तालुक्यात पोचमपल्लीजवळ. बॅरेज म्हणजे दरवाजांचा बंधारा: पूर आला की दरवाजे उचलावयाचे, पूर सरला की ते पाडून पाणी साठवावयाचे. महाराष्ट्र व तेलंगण यांच्यात ऑगस्ट 2016 मध्ये करार झाला. 21 जून 2019 रोजी उद्घाटन झाले. लांबी सुमारे 1.6 किलोमीटर, दरवाजे 85, साठा सुमारे 16 अब्ज घनफूट. येथील पाणी प्रचंड पंपांनी उचलून तेलंगणातील कोरड्या शेतांकडे न्यावयाचे होते. हेतू चांगला होता, हे प्रथम कबूल केले पाहिजे. तहानलेल्या शेतास पाणी देणे हे पुण्यकर्मच आहे.

चार वर्षांत सातव्या भागातील खांब खचले. केंद्राच्या राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या तज्ज्ञांनी पाहणी करून नोव्हेंबर 2023 मध्ये आपले मत दिले. त्याचा आशय असा: खांबांखालची राफ्ट खचली; राफ्टखालील वाळू पाण्याबरोबर वाहून गेली असावी; पाणी अडविण्यासाठी जमिनीत उतरविलेल्या काँक्रीटच्या सलग खांबांच्या भिंतीत व तिच्या राफ्टशी असलेल्या सांध्यात उणिवा असाव्यात; वाळूवर तरंगती राहील अशा कल्पनेने आराखडा केला, पण बांधणी मात्र जखडलेली झाली; आणि नियोजन, आराखडा, कामाची प्रत व देखभाल या चारही अंगांत दोष एकत्र आले. त्याबरोबरच त्यांनी हेही नोंदविले की, 2019 पासून बॅरेजची योग्य पाहणी व देखभाल झाली नाही, आणि त्यामुळे तो उत्तरोत्तर दुर्बल होत गेला.

विद्यार्थ्यांनो, ही यादी पुन्हा वाचा आणि वरील तत्त्वांशी ताडून पाहा. राफ्ट ही आपली फळी. वाळू वाहून जाणे हा आपल्या बाटलीचा प्रयोग. जमिनीतील भिंत ही ब्लाय आणि खोसला यांची शिकवण. फरसबंदीची दरवर्षी डागडुजी ही कल्लणैच्या बांधकऱ्यांची रीत. यांतील एकही गोष्ट नवी नव्हती. जे ज्ञान 1936 साली छापलेले होते, किंबहुना ज्यातील काही भाग करिकालाच्या काळापासून हातांत होता, त्याची उपेक्षा झाली की, एकविसाव्या शतकातील यंत्रसामग्रीही कामास येत नाही. "इतके लोखंड आणि सिमेंट घालूनही" असे जे माझ्या विद्यार्थ्याने विचारले, त्याचे उत्तर हे आहे. लोखंड व सिमेंट भाराच्या मार्गातील वरचे दुवे होते. शेवटचा दुवा वाळू होती, आणि तो दुवा पाण्याने एकेक कण करून सोडविला.

देखभालीविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण तिला मान मिळत नाही. उद्घाटनास मंडप असतो, फुलांच्या माळा असतात. पण दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पात्रात उतरून काँक्रीटचा कोणता ठोकळा हलला हे पाहणाऱ्या मनुष्यास कोणी माळ घालीत नाही. तथापि बांधकामाचे आयुष्य त्याच्याच हाती असते. आपल्या बायाबापड्या पावसाळ्यापूर्वी कौले चाळतात व सणापूर्वी भिंत लिंपतात. त्या जे करतात, तेच महाविद्यालयात देखभाल या नावाने शिकवितात.

शेवटचे तत्त्व कोणत्याही समीकरणात बसत नाही, म्हणून ते विसरले जाते. नदीस दोन तीर असतात. पाणी अडले की, ते मागे चढते व काठ कोरते. जुलै 2022 च्या महापुरात कन्नेपल्लीचे पंपगृह पाण्याखाली गेले आणि आपल्या तालुक्यातील गावांची व शेतांची जी दशा झाली, ती आपण डोळ्यांनी पाहिली आहे. त्याच वर्षी येथील शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी साखळी उपोषणास बसले. ज्यांच्या शेतास पाणी मिळावयाचे ते एकीकडे आणि ज्यांचे शेत पाण्यात जावयाचे ते दुसरीकडे, असे झाले. इंजिनिअरने भार मोजताना हाही भार मोजला पाहिजे, आणि तो कोणत्या मार्गाने कोणाच्या खांद्यावर उतरतो हे पाहिले पाहिजे.

सिरोंच्यास हा पाठ प्रथमच मिळत आहे असेही नाही. इंग्रजी अमदानीत, हे गाव अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे असता, वऱ्हाड-नागपूरकडील कापूस नावांतून थेट समुद्रास न्यावा, यासाठी गोदावरीतील खडकाळ अडथळ्यांवर बांध, कालवे व दरवाजे बांधण्याचे काम कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली चालू होते. त्यावर अपार पैसा खर्च झाला. तेवढ्यात 1867 साली आगगाडी नागपुरास पोहोचली, आणि 1871 साली नावांची ती योजना सोडून देण्यात आली. तेथे पाया खचला नव्हता; खचला तो हिशेब. काम शक्य आहे काय, या प्रश्नाइतकाच ते करणे योग्य आहे काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

तेव्हा जे कोणी ही विद्या शिकण्यास जातील, त्यांनी तीन गोष्टी बरोबर न्याव्या. एक, मोजल्यावाचून बोलू नये. आणि जे मोजले ते जसेच्या तसे लिहावे, वरिष्ठांस आवडेल तसे नव्हे. दुसरी, आपले गणित दुसऱ्याने तपासले म्हणून राग मानू नये. राग गिळता येतो, पण खचलेला खांब वर येत नाही. तिसरी, आपल्या बांधकामाखाली काय आहे आणि आपल्या बांधकामाच्या काठी कोण राहते, हे दोन्ही विसरू नये. घरी तुम्ही तेलुगू, गोंडी, माडिया किंवा मराठी बोलत असाल. त्याने काही अडत नाही. वाळूस आपण वाळू म्हणा की इसुक म्हणा, तिचे नियम सर्वांस सारखेच आहेत.

ज्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला, त्याने आता बाटली, नळी व गोटा घेऊन प्रयोग करावा आणि त्याचे निरीक्षण वर्गात सांगावे, अशी माझी त्यास विनंती आहे. या नदीकाठच्या मुलांमधूनच असे इंजिनिअर निपजोत की, ज्यांनी बांधलेल्या वस्तूखाली लोक निर्धास्तपणे झोपतील, अशी प्रभुचरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.